डंख नव्हे, माणूस पाहावा

मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्याशी आपल्या घरांचा संबंध फार जुना आहे. अंगणातल्या शेवग्याला फुलोरा आला की मधमाश्या येतात. खिडकीच्या छज्ज्याखाली गांधीलमाशी आपले कागदासारखे पोळे बांधू लागते. उसाच्या रसाच्या दुकानात आणि गुळाच्या ढेपेभोवती तर दोघींचीही ये-जा सारखी चालू असते. त्यामुळे त्यांचा डंख ही आपल्याला नवी गोष्ट नाही, आणि नवी नाही म्हणूनच तिचा आपण फारसा विचार केलेला नसतो. प्रत्येक घराचा आपला एक ठरलेला उपाय असतो. कोणी चुना लावतात, कोणी लोखंडी किल्ली घासतात, कोणी कांदा चोळतात, तर कोणी तुळशीच्या बुंध्याची ओली माती थापतात. बहुतेक वेळा काही तासांत आग शमते आणि आपला उपाय लागू पडला, असे समाधान घरातल्या वडीलधाऱ्यांना लाभते. वास्तविक ती आग काही न लावताही शमली असती.

मात्र क्वचित असाही एखादा प्रसंग येतो की त्या वेळी आग शमण्याची वाट पाहत बसणे माणसाच्या जिवावर बेतते. असा प्रसंग ओळखावा कसा आणि ओळखल्यावर करावे काय, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

माझे माहेर कृष्णाकाठचे आणि सासर जबलपूरचे. दोन्ही ठिकाणे मधमाश्यांची. माहेरी महाबळेश्वरच्या डोंगरातला मध घरात असे. लाकडी पेट्यांत मधमाश्या पाळणारी माणसे आमच्या ओळखीची होती आणि ती उघड्या हातांनी पेटी हाताळताना मी लहानपणी पाहिली आहेत. सासरी आले, तो घरापासून काही कोसांवर भेडाघाट. तेथे नर्मदेच्या दोन्ही बाजूंना संगमरवरी कडे उभे आहेत आणि त्या कड्यांना आग्या मोहोळाची मोठमोठी पोळी लोंबत असतात. मुलींच्या शाळेत तीस वर्षे शिकविताना सहलीच्या निमित्ताने त्या पोळ्यांखालून मी कितीदा तरी नावेतून गेले असेन. या प्राण्यांविषयी मला भय नाही; उलट आदर आहे. पण ज्याच्याशी शेजार करावयाचा, त्याचा स्वभाव ठाऊक असावा, हे बरे.

आपल्या देशात मधमाश्यांच्या मुख्यतः चार जाती पूर्वापार आढळतात. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी आणि पेटीत सुखाने राहणारी ती सातेरी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे एकच पोळे लावणारी ती लहानगी फुलोरी. उंच झाडांना, कड्यांना, पाण्याच्या टाक्यांना आणि शहरातल्या उंच इमारतींना परातीएवढी पोळी लावणारी ती आग्या. चौथी पोया, ती इवलीशी असते आणि तिला डंखच नसतो. याशिवाय युरोपातून आणलेली मेलिफेरा ही जात १९६० नंतरच्या दशकात आपल्याकडे रुजली आणि आज उत्तरेकडच्या मोहरीच्या शेतांत तिच्या पेट्या मोठ्या संख्येने दिसतात. या साऱ्यांत आग्या सर्वांत तापट. तिच्या पोळ्यावर पाण्याच्या लाटेसारखी काळसर लहर पुनःपुन्हा फिरताना दिसली, तर तो इशारा समजावा आणि तेथून निमूटपणे दूर व्हावे.

मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्या डंखांत एक महत्त्वाचा भेद आहे. मधमाशीच्या नांगीला मागे वळलेले बारीक काटे असतात. माणसाच्या कातडीत ती नांगी रुतून बसते आणि माशी उडू लागली की विषाच्या पिशवीसह तिच्या शरीरातून तुटून मागे राहते. ती माशी लवकरच मरते. पण मागे राहिलेली पिशवी मात्र आपले काम चालूच ठेवते. तिच्याभोवतीचे स्नायू आपोआप आकुंचन पावत राहतात आणि कातडीत विष उतरवीत राहतात. पिशवीतले बहुतेक विष पहिल्या वीस सेकंदांतच शरीरात जाते. गांधीलमाशीची नांगी त्या मानाने गुळगुळीत. ती मागे राहत नाही, आणि म्हणूनच एकच गांधीलमाशी पुनःपुन्हा डसू शकते. तेव्हा डंखाच्या जागी काळा काटा दिसत असेल, तर ती मधमाशी. काटा नसेल, तर तो शोधत बसू नये.

हा काटा काढावा कसा, याबद्दल पुष्कळ वर्षे एक नियम सांगितला जाई. चिमटीत धरून काटा ओढू नये, पिशवी दाबली जाऊन अधिक विष आत जाईल, म्हणून सुरीच्या बोथट कडेने तो खरवडावा, असा तो नियम. १९९६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात काही कीटकशास्त्रज्ञांनी याचा निकाल लावला. त्यांनी मधमाश्यांचे डंख मुद्दाम घेतले. काही काटे खरवडून काढले, काही चिमटीने ओढले आणि उठलेल्या गांधी मोजल्या. काढण्याच्या रीतीने काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो विलंबाने. काटा जितका वेळ आत राहिला, तितकी गांधी मोठी झाली. म्हणून सुरी शोधायला स्वयंपाकघरात धावू नये. नखाने, चिमटीने, पदराच्या काठाने, जे हाताशी असेल त्याने तत्क्षणी काटा काढून टाकावा. पहिल्या उपचाराला साधन नको, त्वरा हवी.

दुसरी गोष्ट जागा सोडण्याची. डंखाबरोबर मधमाशी हवेत एक गंध सोडते. पिकलेल्या केळ्यासारखा तो वास असतो आणि त्यातला एक प्रमुख घटक १९६२ साली शास्त्रज्ञांनी ओळखून काढला. तो वास म्हणजे पोळ्यातल्या इतर माश्यांना धाडलेले बोलावणेच होय. एक डंख झाला की तेथे थांबून पाहत राहणे म्हणजे पुढच्या डंखांना आमंत्रण देणे आहे. पोळे जवळ असेल, तर आधी तेथून दूर जावे आणि काटा चालता चालता काढावा.

साधारण डंखाला यापुढे लागते ते थोडेच. जागा साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी. फडक्यात बर्फ गुंडाळून किंवा गार पाण्याची घडी दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. हाताला डंख असेल, तर अंगठी आणि बांगड्या लगेच उतरवाव्यात. सूज चढल्यावर त्या निघत नाहीत. हात किंवा पाय उशीवर उंच ठेवावा. ठणका असह्य असेल, तर पॅरासिटामॉल आणि खाज फार असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेली ॲलर्जीची गोळी पुरते. काही जणांना दुसऱ्या दिवशी सारा पंजा किंवा सारा पाय सुजलेला दिसतो. ती सूज दोन दिवस वाढते आणि मग आठवडाभरात ओसरते. दिसायला ती भयंकर असली, तरी बहुधा ‘पू धरल्याचे’ ते लक्षण नसते. मात्र तीन-चार दिवसांनी वेदना पुन्हा वाढू लागली, ताप आला किंवा जागेवरून लाल रेघ वर चढू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे.

मग चुना, सोडा आणि व्हिनेगर यांचे काय? मधमाशीचे विष आम्ल म्हणून त्यावर सोडा, गांधीलमाशीचे अल्कधर्मी म्हणून त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू, असा एक हिशोब ऐकू येतो. हिशोब सुबक आहे, परंतु खरा नाही. विषाचा दाह त्याच्या आंबटपणामुळे नसतो. त्यातील विविध प्रथिनांमुळे असतो. शिवाय ते विष कातडीच्या आत गेलेले असते. वर लावलेला सोडा तेथवर पोचतच नाही. चुन्याने कोवळी कातडी पोळते आणि डोळ्याजवळ लावल्यास डोळा जाण्याचा धोका असतो. मातीतून धनुर्वाताचे जंतू जखमेत शिरू शकतात. तंबाखू आणि रॉकेल यांचाही काही उपयोग नाही. थंडाव्याने वेदना कमी होते, हे मात्र खरे, आणि ओल्या मातीच्या लेपाने जे काही सुख वाटत असेल, ते तिच्या गारव्याचे असावे.

येथवर सांगितले ते विषाच्या परिणामाविषयी. एका डंखातले विष धडधाकट माणसाला मारण्याइतके कधीच नसते. तरीही एका डंखाने माणसे दगावतात. याचे कारण विषात नाही, तर त्या माणसाच्या शरीराने विषाला दिलेल्या उत्तरात आहे.

शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना १९०२ साली याचा उलगडा होऊ लागला. समुद्रफुलासारख्या प्राण्याचे विष त्यांनी कुत्र्यांना थोडे थोडे टोचले. हेतू हा की त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती यावी. पहिली मात्रा ज्या कुत्र्यांनी सहज पचविली, ती काही आठवड्यांनी त्याहूनही लहान मात्रेने बघता बघता कोसळली. शरीर संरक्षण शिकण्याऐवजी भलतेच काही शिकले होते. रिशे यांनी या प्रकाराला ‘ॲनॅफिलॅक्सिस’ हे नाव दिले आणि त्या कामाबद्दल त्यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मधमाशी व गांधीलमाशी यांच्या बाबतीत असेच घडू शकते. आधीचा डंख साधा गेला, म्हणून पुढचाही साधा जाईल, याची हमी देता येत नाही. तसेच एकदा सर्वांगावर गांध्या उठल्या असतील, तर पुढच्या डंखाला त्याहून तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

हे सारे पुस्तकात वाचलेले ज्ञान आमच्या घरी १९९८ सालच्या दिवाळीत दारापर्यंत आले. साफसफाई चालू होती. माळ्याच्या खिडकीबाहेर गांधीलमाश्यांचे पोळे होते, ते काढायला माझे धाकटे दीर शिडीवर चढले. दोन माश्या त्यांच्या मानेवर डसल्या. ते हसतच खाली उतरले. सासूबाईंनी पानाच्या डब्यातला चुना आणला, आत्याबाई किल्ली शोधू लागल्या, कोणी कांदा चिरायला बसले. सारे जण मानेवरच्या त्या दोन लाल ठिपक्यांभोवती गोळा झाले होते.

आमच्या शेजारी केरळातून आलेल्या एक परिचारिका राहत. सारा मोहल्ला त्यांना सिस्टर म्हणे. गलका ऐकून त्या आल्या. मला आजही आठवते ते हे की, त्यांनी मानेकडे पाहिलेच नाही. त्यांनी भावजींचे ओठ पाहिले, तळहात उलटून पाहिले आणि विचारले, “खाज कोठे सुटली आहे?” भावजी म्हणाले, “तळहातांना आणि तळपायांना. अंगातून वाफ निघाल्यासारखे होते आहे.” त्यांचा आवाज घोगरा झाला होता आणि पोटावर गांध्या उठू लागल्या होत्या. सिस्टरांनी आणखी विचारले, तेव्हा कळले की नागपुरास नोकरीवर असताना त्यांना एकदा गांधीलमाशी डसली होती आणि त्या वेळी सर्वांगावर गांध्या उठल्या होत्या. खाणावळीतल्या मंडळींनी पित्त उठले म्हणून आमसुलाचे पाणी लावले. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले आणि गोष्ट विसरून गेले.

इतक्यात भावजींना मळमळू लागले. तोंड धुण्यासाठी ते उठू लागले, तो सिस्टरांनी त्यांना खांदे धरून जमिनीवर आडवे केले आणि पायांखाली दोन पाट ठेविले. सासूबाई चुना घेऊन उभ्याच होत्या. सिस्टर त्यांना शांतपणे म्हणाल्या, “आई, डंखाकडे नका पाहू. माणसाकडे पाहा.” मग त्या आमच्याकडे वळल्या. “गाडी आणा. डॉक्टरांना घरी बोलावण्यात वेळ घालवू नका.” समोरच्या घरची मोटार निघाली. मागच्या बैठकीवर भावजींना तसेच आडवे ठेवून नेले. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचे हातपाय गार पडले होते आणि त्यांना हाकेला ओ देता येईना. डॉक्टरांनी मांडीत एक इंजेक्शन दिले, पाच मिनिटांनी दुसरे दिले, शिरेतून सलाइन लावले. अर्ध्या तासात त्यांनी पाणी मागितले. एक रात्र त्यांना तेथे ठेवून घेतले. ते इंजेक्शन ॲड्रेनॅलिनचे होते.

ॲड्रेनॅलिन हे मुळात आपल्याच शरीरात, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत तयार होणारे द्रव्य आहे. अशा प्रसंगी रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो आणि श्वासनलिका आवळतात. ॲड्रेनॅलिन या तिन्हींवर एकदम काम करते. ॲलर्जीच्या गोळ्यांनी खाज आणि गांध्या कमी होतात; पण घसरता रक्तदाब आणि बंद होणारा घसा यांना त्या आवरू शकत नाहीत. अशा वेळी गोळी देऊन वाट पाहणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ॲड्रेनॅलिन द्यावयाचे ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत आणि तेही जितके लवकर तितके चांगले. किती लवकर? २००० साली ब्रिटनमधील प्राणघातक प्रतिक्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कीटकदंशाने दगावलेल्यांचा श्वास किंवा हृदय बंद पडायला लागलेला वेळ सुमारे १५ मिनिटे भरला. चुना मिळेपर्यंत, किल्ली सापडेपर्यंत आणि ‘थोडे थांबून बघू’ म्हणेपर्यंत एवढा वेळ सहज निघून जातो.

म्हणून डंख झाल्यावर काटा काढावा, जागा धुवावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास त्या माणसाला एकटे सोडू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला बोलते ठेवावे आणि पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. डंखापासून दूरच्या जागी खाज किंवा गांध्या उठणे. ओठ, पापण्या किंवा जीभ सुजणे. आवाज बदलणे, गिळताना अडथळा वाटणे. छातीत घरघर किंवा धाप. चक्कर, दरदरून घाम, पांढराफटक चेहरा. ओकारी, पोटात कळा. आणि कारणावाचून वाटणारी विलक्षण भीती. मूल अचानक गप्प आणि मलूल झाले, तर तेही लक्षणच समजावे. डंखाची जागा केवढीही सुजली, तरी सूज तेथेच असेल, तर बहुधा घाबरण्याचे कारण नाही. परिणाम दूर उमटला, की मात्र थांबावयाचे नाही.

अशा माणसाला आडवे निजवावे आणि पाय उंच करावेत. श्वास लागत असेल, तर पाठीला आधार देऊन बसू द्यावे. ओकारी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर कुशीवर वळवावे. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर. बरे वाटते म्हणून त्याला उठू देऊ नये, चालवत तर मुळीच नेऊ नये. अशा अवस्थेत एकदम उभे राहिल्याने हृदयाकडचा रक्तपुरवठा तुटून माणसे कोसळली आहेत. तोंडात पाणी, दूध किंवा काढा घालू नये. बहुतेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. ती लांब असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघावे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲड्रेनॅलिन असते, तेव्हा दूरच्या मोठ्या रुग्णालयाचा हट्ट धरू नये. आणि पोचताच ‘मधमाशी चावली’ एवढेच न सांगता ‘डंखानंतर सर्वांगावर गांध्या आल्या आहेत, चक्कर येते आहे’, असे स्पष्ट सांगावे. इंजेक्शनने उतार पडला, तरी काही तास देखरेखीखाली राहावे. कारण ओसरलेली प्रतिक्रिया क्वचित पुन्हा उसळते.

माझ्या माहेरच्या गावी मी लहान असताना एक गडी मळ्यात मधमाशी डसून दुपारपर्यंत गेला. डंख एकच होता. त्याला पिंपळाच्या पाराखाली बसवून ठेवले होते आणि जाणते लोक काही ना काही लावीत होते. ‘विष चढले’ एवढेच गाव म्हणाले आणि पुढे कित्येक वर्षे त्या बांधाकडे मुलांना जाऊ देत नसत. भावजींच्या उशाशी बसले असताना मला त्याची फार आठवण झाली. त्या पाराखाली बसलेल्या माणसांत मायेची काही कमतरता नव्हती. घोगऱ्या आवाजाचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नव्हता, एवढेच.

हे झाले एक-दोन डंखांविषयी. आग्या मोहोळ उठले म्हणजे गोष्ट निराळी असते. तेथे विषाचे प्रमाणच मोठे असते आणि ॲलर्जी नसलेला माणूसही संकटात येतो. अशा वेळी पळावे. हात उडवीत, पदर झटकीत जागच्या जागी उभे राहू नये. नाक, तोंड आणि डोळे कापडाने झाकून, वाट दिसेल इतकी फट ठेवून, सरळ रेषेत धावत सुटावे आणि घर, मोटार किंवा जी काही बंद जागा मिळेल तीत शिरून दार लावावे. पाण्यात मात्र उडी घेऊ नये. भेडाघाटचीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकात लोहमार्गासाठी पाहणी करणाऱ्या एका इंग्रज अभियंत्यावर तेथल्या माश्या तुटून पडल्या. त्याने नर्मदेत उडी टाकली. माश्यांनी पाठ सोडली नाही आणि तो बुडून मेला. जेम्स फॉर्सिथ याने १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग नोंदविला आहे. माश्या पाण्यावर घिरट्या घालीत थांबतात. माणसाला मात्र श्वासासाठी डोके वर काढावेच लागते.

सुरक्षित जागी पोचल्यावर दिसतील तेवढे काटे भराभर काढावेत. मोठ्या माणसाला काही डझन डंख झाले असतील, किंवा मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला त्याहून बरेच कमी झाले असतील, तरी वरवर ठीक दिसत असूनही रुग्णालयात न्यावे. एवढ्या विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटू लागतात आणि त्यांचा भार मूत्रपिंडांवर पडतो. हा परिणाम काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी दिसतो. लघवी कमी होणे किंवा चहाच्या रंगाची होणे, ही त्याची खूण. सापाच्या विषावर असते तसे प्रतिविष या विषावर आपल्या रुग्णालयांत नाही. पण वेळेवर सलाइन आणि गरज पडल्यास डायलिसिस मिळाल्यास माणूस वाचतो.

आणखी दोन जागा धोक्याच्या आहेत. सरबताच्या पेल्यात पडलेली माशी घशात डसली, तर ॲलर्जी नसतानाही केवळ सुजेने श्वासाची वाट बंद होऊ शकते. बर्फाचा तुकडा चोखावयास देऊन लगेच निघावे. डोळ्याला डंख झाला, तर घरी काटा उपटू नये, डोळा चोळू नये, नेत्रतज्ज्ञांकडेच जावे.

ज्याला एकदा सर्वांगावर परिणाम झाला, त्याने ती गोष्ट पित्त म्हणून विसरू नये. ॲलर्जीच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. विषाच्याच सूक्ष्म मात्रा वाढत्या क्रमाने देऊन शरीराला सवय लावण्याचा उपचार आहे आणि त्याची उपयुक्तता १९७८ पासून सिद्ध झालेली आहे. तो सर्व ठिकाणी मिळत नसला, तरी विचारून पाहावे. अशा माणसाने खिशात एक चिठ्ठी बाळगावी आणि पोळी काढण्याचे काम कधीही अंगावर घेऊ नये. आमचे भावजी अजूनही तशी चिठ्ठी पाकिटात ठेवतात.

एवढे वाचून कोणी मधमाश्यांवर रुष्ट होऊ नये. पोळ्याखाली टेंभा धरून ते जाळणे हे क्रूरपणाचे तर आहेच, शिवाय घातकही आहे. उठलेल्या माश्या कोणाच्या अंगावर जातील, हे सांगता येत नाही. आग्या माश्या ऋतूनुसार स्थलांतर करतात आणि पुष्कळदा न छेडल्यास आपण होऊन निघून जातात. त्यांना हलविणे भागच असेल, तर ते प्रशिक्षित माणसांकडून करवून घ्यावे. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने असे पुष्कळ मधपाळ घडविले आहेत. महाबळेश्वरजवळचे मांघर तर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. आपल्या शेतांतली आणि बागांतली कितीतरी फळे, भाज्या आणि तेलबिया यांच्या फेऱ्यांवर धरतात. शेजार टिकावा अशीच ही मंडळी आहेत.

घराने करावयाची तयारी फार मोठी नाही. जवळच्या आरोग्य केंद्राचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक दाराच्या आत लिहून ठेवावा. घरात कोणाला पूर्वी काय झाले आहे, ते सर्वांना ठाऊक असावे. काटा कसा काढावयाचा आणि कोणती लक्षणे पाहावयाची, ते दहा वर्षांच्या मुलामुलींनाही शिकवावे; ती फार लवकर शिकतात, असा शाळेतला माझा अनुभव आहे. आणि घरातल्या आजीच्या हातातला चुना काढून घ्यावयाचा असेल, तर त्या हाताला दुसरे काम द्यावे. डंख झालेल्या माणसाचा हात आपल्या हातात धरून, त्याच्या तोंडाकडे पाहत, अर्धा तास त्याच्याशी बोलत बसणे हे ते काम होय. ते आजीइतके चांगले दुसऱ्या कोणाला साधणार नाही.